आन्नाची चिकाटी

इ. स. १८६६ च्या ऑक्टोबरची चौथी तारीख होती. रशियाची त्या काळची राजधानी जे सेंट पीटर्सबर्ग शहर, तेथील मोठ्या बाजारात एक वीस वर्षांची तरुणी सकाळीच येऊन पोहोचली. तिच्या अंगावर काळी वस्त्रे होती. कारण तिचे वडील वारून अद्याप सहा महिनेही झाले नव्हते. एका दुकानातून तिने काही जादा पेन्सिली घेतल्या आणि कागद ठेवण्यासाठी एक लहानशी पिशवी विकत घेतली. अशी पिशवी हातात असली म्हणजे आपण जरा पोक्त आणि कामकाजी दिसू, असे तिला वाटले. मग घड्याळाकडे पाहत ती हळूहळू चालू लागली. साडेअकरा वाजता या, अगोदर नको आणि उशीरही नको, असा निरोप तिला मिळाला होता.

या तरुणीचे नाव आन्ना स्नित्किना. स्वतःच्या कष्टाचे चार पैसे मिळवण्याचा तिचा हा पहिलाच दिवस होता. ज्यांच्या घरी ती निघाली होती, ते फ्योदोर दोस्तोव्हस्की हे रशियाचे नामांकित कादंबरीकार होते. पुढे चारच महिन्यांनी ती त्यांची पत्नी झाली. हे दिवस आणि त्यानंतरचा संसार यांची हकिकत आन्नाने म्हातारपणी स्वतःच लिहून ठेवली आहे. रशियात तेव्हा जुने पंचांग चालू होते व ते उरलेल्या युरोपच्या बारा दिवस मागे असे. तिच्या हकिकतीतील तेथल्या तारखा त्या पंचांगाच्या आहेत.

आन्नाचे वडील सरकारी नोकरीत होते. वाचनाचा त्यांना मोठा छंद होता आणि दोस्तोव्हस्की हे त्यांचे आवडते लेखक होते. त्यामुळे या लेखकाचे नाव आन्नाच्या कानांवर लहानपणापासून पडलेले होते. शाळेत तिने रौप्यपदक मिळवले. त्यानंतर १८६६ च्या आरंभी ती लघुलेखनाच्या वर्गात जाऊ लागली. लघुलेखन म्हणजे बोलणाऱ्याच्या वेगाने लिहिण्याची कला. तिच्यात अक्षरांऐवजी छोट्या छोट्या खुणा वापरतात. एकेका वळणात अवघा शब्द मावतो. मात्र त्या खुणा पाहून नंतर सगळा मजकूर साध्या अक्षरांत पुन्हा उतरून काढावा लागतो.

ही विद्या वाटली होती तितकी सोपी नव्हती. पहिल्या काही धड्यांतच वर्गातील पुष्कळ जणांनी कंटाळून रजा घेतली. आन्नालाही त्या खुणांचा काही उलगडा होईना. घरी येऊन तिने वर्ग सोडण्याची गोष्ट काढली. वडील तेव्हा आजारी होते. परंतु त्यांनी तिचे म्हणणे मुळीच मान्य केले नाही. धीर धर, नेटाने शीक, तू चांगली लघुलेखिका होशील, असे ते तिला सांगत राहिले. एप्रिलमध्ये ते निवर्तले. दुःखामुळे आन्नाचे वर्गाला जाणे थांबले. तेव्हा ओल्खिन नावाच्या तिच्या शिक्षकांनी उन्हाळाभर तिला टपालाने धडे दिले. तिचा धाकटा भाऊ रोज तास दोन तास पुस्तक वाचून दाखवी आणि ती खुणांत लिहून घेई. ऑक्टोबर उजाडेपर्यंत तिचा हात चांगला बसला. म्हणूनच दोस्तोव्हस्कींना लघुलेखक हवा असल्याचे कळताच ओल्खिन यांनी आन्नाचे नाव सुचवले.

दोस्तोव्हस्कींना लघुलेखकाची निकड का भासली, हे समजण्यासाठी त्यांची तेव्हाची स्थिती पाहिली पाहिजे. १८६४ साली त्यांची पहिली पत्नी आणि थोरले बंधू अशी दोघेही वारली. बंधूंच्या मासिकाचे सर्व कर्ज त्यांनी स्वतःच्या शिरावर घेतले. त्यांच्या बायकामुलांचा भारही उचलला. सावकारांनी तगादा लावला. तुरुंगात जाण्याची पाळी आली, तेव्हा १८६५ मध्ये त्यांनी एका प्रकाशकाशी करार केला. तीन हजार रूबल घेऊन आपल्या आजवरच्या ग्रंथांचा संग्रह छापण्याचा हक्क त्यांनी त्याला दिला. शिवाय १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत एक नवी कादंबरी देण्याचेही कबूल केले. ती वेळेवर मिळाली नाही, तर पुढील नऊ वर्षे दोस्तोव्हस्की जे काही लिहितील, ते त्या प्रकाशकाने फुकट छापावे, अशी करारात अट होती. ‘गुन्हा आणि शिक्षा’ ही कादंबरी लिहिण्यात त्यांचे ते वर्ष गेले. ऑक्टोबर उजाडला, तरी नव्या कादंबरीचे एक पानही लिहून झाले नव्हते. काही मित्रांनी एकेक भाग लिहून देण्याची तयारी दाखवली. दुसऱ्याच्या लेखनाखाली आपले नाव घालणार नाही, असे सांगून दोस्तोव्हस्कींनी ती नाकारली. तेव्हा तोंडाने सांगून लिहवून घेणे, एवढा एकच मार्ग उरला.

पहिली भेट काही उत्साहवर्धक झाली नाही. दोस्तोव्हस्की नुकतेच अपस्माराच्या झटक्यातून उठले होते. चेहरा फिकट, स्वभाव अस्वस्थ. आन्नाचे नावही त्यांच्या ध्यानात राहीना. परीक्षा म्हणून त्यांनी एका मासिकातील उतारा भराभर वाचावयास सुरुवात केली. आन्नाने त्यांना थांबवले आणि नेहमीच्या बोलण्याच्या वेगाने सांगावे, अशी विनंती केली. मग खुणांतील मजकूर तिने साध्या अक्षरांत उतरवून दिला. त्यात एक पूर्णविराम राहिला होता आणि एक अक्षर नीट उमटले नव्हते. एवढ्यावरून त्यांनी तिला तीव्र शब्दांत ऐकवले. आन्ना मनातून खट्टू झाली. पण काम टाकून गेली नाही.

संध्याकाळी ती पुन्हा आली, तेव्हा दोस्तोव्हस्की मोकळेपणाने बोलू लागले. तरुणपणी सरकारविरोधी मंडळात गेल्याबद्दल १८४९ साली त्यांना मृत्यूची शिक्षा फर्मावण्यात आली होती. वधाच्या जागी उभे केल्यावर अगदी अखेरच्या क्षणी ती रद्द झाली आणि त्यांची सैबेरियात सक्तमजुरीवर रवानगी झाली. आपल्यासारख्या अनोळखी मुलीपुढे हा मोठा माणूस एवढे दुःख उघड करतो, याअर्थी याला जवळचे असे कोणीच नसावे, असे आन्नाला वाटले आणि तिचे मन कळवळले.

दुसऱ्या दिवसापासून कामाचा क्रम ठरला. दुपारी बारा वाजता आन्ना येई. दोस्तोव्हस्की खोलीत येरझारा घालीत मजकूर सांगत आणि ती खुणांत टिपून घेई. मध्ये चहा होई, चार गोष्टी होत, की पुन्हा लेखन सुरू. चार वाजता ती घरी परते. मग रात्री दिव्यापाशी बसून दिवसभरातील खुणांचा उलगडा करी आणि स्वच्छ अक्षरांत पाने लिहून काढी. दुसऱ्या दिवशी ती पाने हाती पडली, की दोस्तोव्हस्की ती मोजून पाहत. ढीग वाढू लागला, तशी त्यांच्या चेहऱ्यावरील काळजी कमी होऊ लागली. कालपर्यंत जे अशक्य वाटत होते, ते होईल अशी आशा वाटू लागली. आन्नालाही आता झोप, थकवा, कशाचेच भान राहिले नाही. एका लेखकाचे नऊ वर्षांचे स्वातंत्र्य आपल्या पेन्सिलीच्या टोकावर उभे आहे, हे ती जाणून होती.

२९ ऑक्टोबरला शेवटचे वाक्य लिहून झाले. सव्वीस दिवसांत ‘जुगारी’ ही कादंबरी पूर्ण झाली! दुसऱ्या दिवशी दोस्तोव्हस्कींचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. त्या दिवशी आन्नाने अखेरची पाने आणून दिली. त्यांनी ठरलेले पन्नास रूबल तिच्या हाती ठेवले आणि मनापासून तिचे आभार मानले. ती तिची पहिली कमाई.

पण संकट पुरते टळले नव्हते. हस्तलिखित देण्यासाठी दोस्तोव्हस्की गेले, तो प्रकाशक परगावी गेल्याचे समजले. त्याच्या कचेरीतील माणसाने ते घेण्यास नकार दिला. मुदत चुकवण्याचाच तो डाव असावा. असे काही घडेल, ही शंका अगोदरच आल्यामुळे आन्नाच्या आईने एका वकिलाचा सल्ला घेऊन ठेवला होता. त्याप्रमाणे दोस्तोव्हस्कींनी मुदतीच्या शेवटच्या दिवशी, रात्री उशिरा, पोलीस अधिकाऱ्याच्या स्वाधीन हस्तलिखित केले आणि रीतसर पावती घेतली. मध्यरात्रीला तेव्हा थोडाच अवकाश उरला होता.

काही दिवसांनी आन्ना पुन्हा त्यांच्याकडे गेली असता, एका नव्या कादंबरीची कल्पना त्यांनी तिला सांगितली. तिच्यातील नायक म्हणजे वय झालेला, आजारी, कर्जबाजारी असा एक चित्रकार. त्याचे मन एका तरुण मुलीवर बसते. तिचे नाव योगायोगाने आन्नाच! अशी मुलगी त्याचा स्वीकार करील, हे वाचकांना पटेल काय, असे त्यांनी विचारले. तिचे अंतःकरण चांगले असेल तर का पटू नये, असे आन्ना म्हणाली. तेव्हा कंप पावणाऱ्या आवाजात त्यांनी विचारले, की त्या मुलीच्या जागी ती स्वतः असती, तर तिने काय उत्तर दिले असते? ही कादंबरी नव्हे, हे आन्नाच्या ध्यानात आले. तिने होकार दिला. १५ फेब्रुवारी १८६७ रोजी त्यांचा विवाह झाला.

गोष्ट येथेच संपली असती, तर ती परीकथेसारखी गोड ठरली असती. परंतु खरी कसोटी यानंतरच होती. लग्नाला काही दिवस होतात न होतात, तोच दोस्तोव्हस्कींना तिच्यासमोर अपस्माराचे जबर झटके आले. घरात सकाळपासून रात्रीपर्यंत पाहुण्यांची आणि नातेवाइकांची वर्दळ असे. वीस वर्षांच्या या नव्या गृहिणीला सर्वांचे आदरातिथ्य करावे लागे. पतीशी दोन शब्द बोलावयासही सवड मिळत नसे. दोस्तोव्हस्कींच्या पहिल्या पत्नीचा मुलगा जवळजवळ आन्नाच्याच वयाचा होता. तो तिला एकांतात टोचून बोले आणि वडिलांसमोर गोड वागे. पैसा येई, तो नातेवाइकांच्या गरजांत जाई. काही काळ परदेशी जाऊन राहिलो नाही, तर आपला संसार उभाच राहणार नाही, हे आन्नाने ओळखले.

प्रवासाला पैसा कोठून आणावयाचा? आन्नाला माहेरहून मिळालेले सामान घरात होते. नवी मेजे, कपाटे, पियानो, चांदीची भांडी; एकेक वस्तू तिने हौसेने लावली होती. ते सारे गहाण टाकण्याचे तिने ठरवले. कष्टाने जोडलेल्या वस्तू अशा जाताना पाहून आई विरोध करील, अशी तिला धास्ती होती. पण मुलीचे सुख वस्तूंपेक्षा मोठे आहे, हे ओळखून आईने संमती दिली. १४ एप्रिल १८६७ रोजी तीन महिन्यांसाठी म्हणून उभयता निघाली. ती परतली चार वर्षांनंतर!

जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी असताना एक लहानशी गोष्ट घडली. फिरता फिरता दोस्तोव्हस्की म्हणाले, की आन्नाच्या पिढीतील स्त्रियांच्या अंगी चिकाटी नाही. साधी टपालाची तिकिटे जमवण्याचे काम घेतले, तरी ते त्यांच्याकडून फार दिवस टिकणार नाही. समोरच एक दुकान होते आणि त्याच्या काचेआड तिकिटांचा संग्रह मांडलेला होता. आन्नाला राग आला. ती तडक आत गेली आणि स्वतःच्या पैशांनी तिकिटे चिकटवण्याची एक स्वस्तशी वही घेऊन आली. घरी येताच रशियाहून आलेल्या तीन-चार पत्रांवरील तिकिटे काढून तिने पहिल्या पानावर लावली. घरमालकिणीनेही जुनी पत्रे धुंडाळून काही तिकिटे दिली. दोस्तोव्हस्कींना ही गंमत वाटली. आन्नाच्या दृष्टीने मात्र तो एक निश्चय होता.

त्या निश्चयाची खरी परीक्षा त्याच उन्हाळ्यात बाडेन-बाडेन या गावी झाली. दोस्तोव्हस्कींना जुगाराचे व्यसन होते. कर्ज एकदाच फिटून जावे, या आशेने ते जुगाराच्या मेजाशी जाऊन बसत आणि हरून परत येत. आन्नाची कर्णभूषणे, लग्नात त्यांनीच दिलेला ब्रूच, फार काय, लग्नाच्या अंगठ्यासुद्धा गहाण पडल्या. हरून आले, की ते लहान मुलासारखे रडत, तिची क्षमा मागत, आणि पुन्हा जात. हा केवळ मनाचा दुबळेपणा नसून हा एक आजारच आहे, असे आन्नाला हळूहळू कळून आले. शब्दांचा मार देऊन तो बरा होणार नाही, म्हणून तिने मन आवरले.

तिला दुःख झाले नाही, असे मात्र नाही. प्रवासात ती रोजनिशी ठेवीत असे आणि ती लघुलेखनाच्या खुणांत लिहीत असे. दोस्तोव्हस्कींना त्या खुणा वाचता येत नसत. त्यांच्यासमोर जे बोलणे तिने टाळले, तो राग, ती भीती, ते एकटेपण तिने त्या खुणांच्या स्वाधीन केले. वडिलांच्या आग्रहाने शिकलेल्या विद्येने तिला पहिली कमाई दिली होती. आता परमुलखात तीच तिची जिवाभावाची मैत्रीण झाली.

याहून मोठा आघात पुढे होता. १८६८ साली स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा येथे त्यांना पहिली मुलगी झाली. तिचे नाव सोन्या. पण अवघ्या तीन महिन्यांची असताना ती आजारी पडून दगावली. त्या दुःखात दोघांनी एकमेकांना सावरले. त्याही स्थितीत दोस्तोव्हस्की नव्या कादंबरीचे लेखन करीत होते आणि त्यांनी सांगितलेला मजकूर आन्ना टिपून घेत होती. १८७१ च्या वसंत ऋतूत ते शेवटचे जुगार खेळले. यापुढे खेळणार नाही, असे त्यांनी आन्नाला पत्राने कळवले. असे वचन त्यांनी यापूर्वीही दिले होते. परंतु या वेळी त्यांनी ते मरेपर्यंत पाळले.

त्याच वर्षी जुलैमध्ये दोघे मायदेशी परतली. लगेच जुने सावकार दाराशी आले. आता त्यांच्याशी बोलावयास आन्ना पुढे झाली. तिने प्रत्येकाचा हिशोब तपासला, मुदती ठरवून घेतल्या आणि थोडे थोडे करून देणी फेडू लागली. दुसऱ्याच्या करारात पुन्हा अडकावयाचे नाही, असे ठरवून पतीचे पुस्तक आपणच प्रसिद्ध करण्याचे तिने मनात घेतले. छपाईचा दर काय, कागद कोठे मिळतो, दुकानदाराला किती सूट द्यावी, हे सारे तिने चौकशी करून शिकून घेतले. १८७३ च्या जानेवारीत एका कादंबरीच्या साडेतीन हजार प्रती तिने छापून घेतल्या. वर्तमानपत्रात जाहिरात येताच पुस्तकविक्रेत्यांची माणसे घरी येऊ लागली आणि पहिल्याच दिवशी शंभराहून अधिक प्रती खपल्या. आठ वर्षांपूर्वी घोटाळ्यात टाकणाऱ्या करारावर सही करणाऱ्या लेखकांच्या घरी आता एक दक्ष प्रकाशक नांदत होता, आणि ती त्यांची पत्नी होती.

दोस्तोव्हस्कींनी आपली अखेरची थोर कादंबरी ‘करामाझोव्ह बंधू’ आन्नालाच अर्पण केली. २८ जानेवारी १८८१ रोजी ते निधन पावले, तेव्हा आन्ना चौतीस वर्षांची होती. तिने पुन्हा विवाह केला नाही. पतीचे ग्रंथ छापणे, त्यांची पत्रे व कागद जपणे, त्यांच्या नावाने शाळा काढणे, यांत तिने उरलेले आयुष्य वेचले. १९११ ते १९१६ या काळात तिने आपल्या आठवणी लिहून काढल्या. त्यांत तिने पतीचा मोठेपणा सांगितला, त्याचप्रमाणे त्यांचे व्यसन आणि त्यामुळे सोसलेले हालही सांगितले. १९१८ साली याल्टा येथे ती वारली, आणि १९२५ साली ते पुस्तक प्रसिद्ध झाले.

त्या आठवणींत तिकिटांच्या वहीची गोष्ट सांगून झाल्यावर तिने एक नोंद केली आहे. संग्रह सुरू केल्याला एकोणपन्नास वर्षे होत आली, तरी तो अद्याप चालूच आहे. त्यातील एकही तिकीट तिने विकत घेतलेले नाही. प्रत्येक एखाद्या पत्रावरून काढलेले, नाहीतर कोणी भेट दिलेले आहे. तिची चिकाटी पाहून जे हसले होते, ते जाऊन तोवर पस्तीस वर्षे लोटली होती. पैजेला साक्षी असे कोणीच उरले नव्हते. तरी टपाल आले, की ती म्हातारी बाई तिकीट हळुवारपणे सोडवून घेई आणि वहीत आपल्या जागी चिकटवून ठेवी.